कार्डाला नावं ठेवण्याआधी कार्ड कोणतं ते विचारा

२०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात किसान क्रेडिट कार्डावरच्या सवलतीच्या कर्जाची मर्यादा ३ लाखांवरून ५ लाखांवर नेण्याची घोषणा झाली. तेव्हापासून विदर्भातल्या बाजार समित्यांच्या आवारात आणि तालुक्यातालुक्याच्या व्हॉट्सॲप गटांवर जुनाच वाद नव्यानं पेटला आहे: खेड्यात कार्ड हवं की नको? एक बाजू म्हणते, कार्ड म्हणजे कर्जाचा फास, शेतकऱ्याच्या गळ्यात आधीच आहेत तेवढे पुरेत. दुसरी बाजू म्हणते, जग कुठल्या कुठं गेलं आणि आम्ही अजून दुकानदाराच्या वहीत नाव लिहून घेतोय. दोन्हीकडून तावातावानं बोललं जातं, पण ज्याच्याबद्दल बोलतोय ते कार्ड नेमकं कोणतं, हे कुणीच विचारत नाही. माझं म्हणणं स्पष्ट आहे. ज्या कार्डाचा हप्ता पगाराच्या तारखेवर बेतलेला आहे ते कार्ड कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात शिरू नये. आणि ज्या कार्डाचा हिशेब पिकावर बेतलेला आहे ते किसान कार्ड नावापुरतं न राहता खरोखरीचं कार्ड व्हावं, म्हणजे कृषी केंद्राच्या, बियाणं-खतांच्या दुकानाच्या, काउंटरवर चालावं. या दोन मागण्या एकाच वेळी करता येतात. केल्याच पाहिजेत.

आधी फरक नीट मांडू, कारण सगळा घोळ तिथंच आहे. डेबिट कार्डात पैसा आपला असतो. खात्यात असेल तेवढाच निघतो. जनधन खात्याबरोबर मिळालेलं रुपे कार्ड हे असं कार्ड. प्रीपेड कार्डात पैसे आधी भरायचे आणि मग खर्चायचे. ट्रकमालक ड्रायव्हरच्या हाती डिझेलपुरतं कार्ड देतो. त्यावर डिझेल मिळतं, दुसरं काही नाही, आणि कुठल्या पंपावर किती लिटर भरलं ते मालकाला कळतं. कंपनी आपल्या माणसांना खरेदीसाठी देते त्या कार्डाचं बिल कंपनी भरते. क्रेडिट कार्डात पैसा बँकेचा असतो, तो साधारण ४५ ते ५० दिवस बिनव्याजी वापरायला मिळतो आणि त्यानंतर व्याजाचं मीटर पडतं. किसान क्रेडिट कार्ड या सगळ्यांहून वेगळं. नावात क्रेडिट कार्ड आहे, पण मुळात ते पिकाच्या तारणावरचं खेळतं कर्जखातं आहे. ही सगळी एका माळेचे मणी समजून त्यांच्या बाजूनं किंवा विरोधात बोलणाऱ्या माणसाशी वाद तरी काय घालायचा?

फासाची भीती घालणाऱ्यांचं सगळ्यांत बळकट म्हणणं आधी मान्य करतो. साधं क्रेडिट कार्ड शेतकऱ्यासाठी धोक्याचं आहे, आणि ते जेवढं सांगितलं जातं त्याहून जास्त धोक्याचं आहे. हिशेब करा. एखाद्यानं कार्डावर ५०,००० रुपये खर्च केले आणि बिलाच्या तारखेला भरता आले नाहीत. महिन्याला साडेतीन टक्के दर धरला तर व्याज १,७५० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ३१५. बिलावर ‘किमान देय’ म्हणून छापलेली रक्कम ५ टक्के धरली तर २,५०० रुपये. माणूस इमानदारीनं ते २,५०० भरतो, आणि मुद्दलातून वजा होतात फक्त ४३५. वर्षाचा दर बेचाळीस टक्के. ‘शेकडा दोन’ म्हणजे वर्षाला चोवीस टक्के घेणाऱ्या सावकाराला आपण शिव्या देतो! २०२४च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं ग्राहक आयोगाचा जुना निकाल रद्द केला, तेव्हा अशा व्याजावरची ३० टक्क्यांची मर्यादाही गेली. दर महिन्याच्या एक तारखेला पगार जमा होणाऱ्या माणसाला हे कार्ड परवडू शकतं, कारण त्याचा पैसाही तीस दिवसांनीच फिरतो. ज्याचा कापूस दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत वेचणीवेचणीनं घरी येतो आणि ज्याची तूर त्यानंतर निघते, त्याला जूनमध्ये केलेल्या खर्चाचं बिल ऑगस्टमध्ये भरायला सांगणं हा अन्याय आहे. बिल ठरल्या दिवशी आलं तरी पीक ठरल्या दिवशी येत नाही.

हे धोके काही आज कळलेले नाहीत. १९५० साली न्यूयॉर्कमध्ये डायनर्स क्लबचं कार्ड निघालं ते हॉटेलांची बिलं महिनाअखेर एकदम चुकवणाऱ्या धंदेवाल्या मंडळींसाठी. १९५८ साली बँक ऑफ अमेरिकेनं कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो गावात सुमारे ६०,००० कार्डं लोकांनी न मागता टपालानं घरोघर पाठवली. फ्रेस्नो हा शेतीचा मुलूख आहे, आणि तिकडेही कापूस पिकतो. त्या पहिल्या काळात थकबाकी आणि फसवणूक इतकी झाली की बँकेला मोठा तोटा सोसावा लागला. न मागता कार्ड देऊ नये, हा धडा तेव्हाचा. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेनं २०२२च्या एप्रिलमध्ये काढलेल्या निर्देशांत तो लेखी आहे: ग्राहकानं न मागितलेलं कार्ड देता येत नाही, आणि देऊन शुल्क लावलं तर ते परत करून वर त्याच्या दुप्पट दंड द्यावा लागतो. तालुक्याच्या गावात फायनान्सवाल्यांची पोरं मोबाईलच्या दुकानाबाहेर टेबल टाकून बसतात तेव्हा हा नियम किती जणांना माहीत असतो? फासाविषयी बोलणाऱ्यांनी निदान हा नियम गावात सांगत फिरावं.

पण याच भीतीच्या पोटी किसान कार्डालाही त्याच रांगेत उभं केलं जातं, तिथं माझा विरोध सुरू होतो. ही योजना १९९८ची, आर. व्ही. गुप्ता समितीच्या शिफारशीतून आलेली. कागदावर ती किती विचारानं बांधली आहे, हे फार कमी शेतकऱ्यांना कुणी समजावून सांगितलं आहे. जिल्ह्याची तांत्रिक समिती प्रत्येक पिकासाठी एकरी कर्जदर ठरवते. तुमच्या क्षेत्रानं त्याला गुणायचं, त्यावर १० टक्के काढणीनंतरच्या आणि घरखर्चासाठी, २० टक्के अवजारं आणि इतर मालमत्तेच्या डागडुजीसाठी, वर पीकविम्याचा हप्ता. मर्यादा पाच वर्षांसाठी मंजूर होते आणि दरवर्षी १० टक्क्यांनी वाढते. या मर्यादेत शेतकऱ्यानं पाहिजे तेव्हा पैसे काढावेत, आले की भरावेत, लागले की पुन्हा काढावेत. व्याज ७ टक्के, मुदतीत फेडलं तर ४. महाराष्ट्रात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जाला मुदतीत फेडणाऱ्यासाठी ते शून्यावर येतं. शून्य टक्के आणि बेचाळीस टक्के, दोन्हींना कार्डच म्हणायचं आणि दोन्हींना एकच शिवी द्यायची?

प्रत्यक्षात या खात्याचं काय झालं ते आपल्याकडच्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. त्याला आपण ‘नवं-जुनं करणं’ म्हणतो. मार्चअखेर बँकेचा तगादा लागतो. शेतकरी कुणाकडून तरी चार-आठ दिवसांसाठी हातउसने आणतो, ते देणारा त्याची दलाली वेगळी घेतो. जुनं कर्ज भरलं की बँक नवं मंजूर करते, आणि ते उचलून हातउसने परत केले जातात. वहीत कर्ज फिटलेलं दिसतं, प्रत्यक्षात पैसा शेतात गेलेलाच नसतो. पाच वर्षं खेळतं राहायला हवं असलेलं खातं वर्षातून एकदा भरायचं आणि एकदा रिकामं करायचं भांडं होऊन बसलं. कार्ड बहुतेकांच्या हातात पडलेलंच नाही. पडलं असेल तर ते पासबुकाच्या प्लॅस्टिकच्या कव्हरात, पिनचं पाकीट न फोडता, ठेवलेलं असतं. मृगाच्या तोंडावर एकाच दिवशी स्लिप भरून सगळी रक्कम नगद काढायची, ती घरी आणायची, आणि पेरणी होईस्तोवर त्यातली किती लग्नात, दवाखान्यात, जुन्या उधारीत गेली ते कळायचं नाही. तेच कार्ड कृषी केंद्रात चाललं असतं तर जूनमध्ये बियाण्यापुरते, जुलैत खतापुरते, ऑगस्टमध्ये फवारणीपुरते असे पैसे निघाले असते. ज्याला मुदतीत फेडणं जमलं नाही त्याचंही व्याज उचललेल्या रकमेवर, उचलल्या तारखेपासून लागलं असतं.

आता उधारीची बाजू. ती मी मनापासून मांडतो, कारण तिच्यावर गावं जगली आहेत. कृषी केंद्रवाला सिबिल विचारत नाही. सातबारा मागत नाही. ‘भाऊ, नगदी देता का लिहून ठेवू?’ एवढंच विचारतो. बोंडअळीनं कापूस गेला किंवा सोयाबीन पावसात सडलं तर पुढच्या हंगामावर ढकलतो. बँकेच्या कुठल्याही कार्डात हा समजूतदारपणा नाही. १९५१-५२च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत दिसलं होतं की शेतकऱ्यांच्या कर्जातला सुमारे ७० टक्के वाटा सावकारांचा आणि सहकारी संस्थांचा जेमतेम ३ टक्के. त्यामागचं मोठं कारण हेच होतं: सावकार दारात होता आणि वेळेवर देत होता. इंग्रज सरकारनं १८८३ आणि १८८४ साली तगाईसाठी, म्हणजे सरकारी शेतकर्जांसाठी, कायदे केले, व्याज कमी ठेवलं, तरी लोक सावकाराकडेच जात राहिले. पेरणीच्या दिवशी लागणारा पैसा अर्ज, चौकशी आणि मंजुरीच्या फेऱ्यांतून निघेस्तोवर वाफसा निघून जायचा.

म्हणून उधारी चांगली ठरते का? कृषी केंद्राच्या काउंटरवर जरा वेळ थांबून पाहा. २०२५ साली बीटी-२ कापूस बियाण्याच्या पाकिटाची कमाल किंमत केंद्र सरकारनं ९०१ रुपये ठरवली होती. नगदी गिऱ्हाईक हवी ती जात मागतो, पाकिटावरची किंमत वाचतो, पक्की पावती घेतो. उधारीचं गिऱ्हाईक दुकानदार देईल ते वाण घेतं, सोबत त्याला खपवायचं असलेलं टॉनिक घेतं, आणि पावतीऐवजी वहीतली एक ओळ घेऊन घरी येतं. बियाणं उगवलं नाही तर तक्रार करायला पावती, पिशवी आणि टॅग लागतो. ओळीवर तक्रार होत नाही. दिवाळीनंतर दुकानदार हिशेब सांगतो तेव्हा त्यात भाव किती आणि व्याज किती, हे त्याच्या वहीलाच माहीत. आणि तोच जर कापसाचा व्यापारी असला, तर काटाही त्याचा, भावही त्याचा.

पत कुणी दिली यापेक्षाही तिची नोंद कुणाच्या हातात राहिली हा खरा प्रश्न आहे, आणि महाराष्ट्राला तो दीडशे वर्षांपूर्वीच कळला होता. १८७५च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकरी उठले, तेव्हा त्यांचा रोख प्रामुख्यानं सावकारांच्या रोख्यांवर आणि खतपत्रांवर होता. ती कागदं त्यांनी जाळली. कारण त्या कागदांवर काय लिहिलंय हे लिहिणाऱ्यालाच माहीत होतं. चार वर्षांनी, १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला, त्यात कर्जदाराला लेखी पावती आणि हिशेब मिळण्याचा हक्क मान्य झाला. वऱ्हाड त्या कायद्याच्या कक्षेत नव्हतं. मध्यप्रांत-वऱ्हाडाला १९३३ साली कर्ज लवादाचा कायदा मिळाला, आणि त्यासाठी झटले ते पंजाबराव देशमुख, ज्यांच्या नावानं आज व्याज सवलत मिळते. किसान कार्डाचा व्यवहार झाला की शेतकऱ्याच्या हातात तारीख, दुकान आणि रकमेची छापील चिठ्ठी येते आणि तीच नोंद बँकेत राहते. जी गोष्ट मिळवायला लोकांना रोखे जाळावे लागले, ती आज आपण ‘आमच्याकडे चालत नाही’ म्हणून सोडून द्यायची?

‘चालत नाही’ म्हणणाऱ्यांकडेही कारणं आहेत. मेळघाटातल्या हरिसालला देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून मिरवलं गेलं, आणि २०१९च्या निवडणुकीत त्याच गावातल्या प्रत्यक्ष परिस्थितीवरून जाहीर सभांत वाद झाला. रेंज नसते, वीज नसते, मशीनचा कागद संपलेला असतो. दुकानदार क्रेडिट कार्डावर दोन टक्के वर मागतो, कारण ते त्याच्या नफ्यातून कापले जातात आणि खताच्या पोत्यामागे त्याला सुटतंच किती? पण २०१८ पासून देशातल्या प्रत्येक परवानाधारक खतविक्रेत्याकडे अनुदानाच्या हिशेबासाठी पॉस मशीन आहे. युरियाचं एक पोतं घ्यायचं तरी शेतकरी त्यावर अंगठा लावतो. सरकारला स्वतःच्या अनुदानाचा हिशेब हवा होता, तेव्हा गडचिरोलीपासून बुलढाण्यापर्यंत मशीन चाललं. शेतकऱ्याच्या पैशाचा हिशेब ठेवायची वेळ आली की रेंज जाते, हे मला पटत नाही. शुल्काचं म्हणाल तर रुपे डेबिट कार्डाच्या व्यवहारावर १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराला काहीही द्यावं लागत नाही. बियाणं, खतं, औषधं अशा कृषी निविष्ठांच्या खरेदीत किसान कार्डाला हाच नियम निःसंदिग्ध शब्दांत लागू करा आणि दुकानदाराला तो लेखी कळवा. यूपीआयनं कार्डं मोडीत काढली, असंही म्हणतात. प्लॅस्टिक गेलं तर जाऊ द्या. रुपे क्रेडिट कार्ड २०२२ पासून यूपीआयला जोडता येतं आणि बँकेनं आधी मंजूर केलेलं कर्जही त्यावरून वापरायची मुभा रिझर्व्ह बँकेनं २०२३ साली दिली. पैसा प्लॅस्टिकमधून गेला की फोनमधून, हा तपशील आहे. तो कोणत्या खात्यातून आणि किती दरानं गेला, वाद त्यावर हवा.

फसवणुकीची भीती मात्र खरी आहे. पिन कार्डाच्या पाठीवर लिहिलेला असतो, कार्ड भाच्याकडे असतं, ओटीपी फोनवर विचारला की सांगितला जातो. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७च्या परिपत्रकानुसार ग्राहकाची चूक नसताना त्रयस्थानं पैसे काढले आणि बँकेचा निरोप मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवलं तर ग्राहकाला भुर्दंड नाही. पण स्वतःच पिन दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचंच. हे शिकवायला हवं, यात दुमत नाही. मात्र कार्ड पेटीत ठेवणं हीसुद्धा सुरक्षितता नव्हे. जनधनच्या रुपे कार्डासोबत अपघात विमा येतो, २८ ऑगस्ट २०१८ नंतर उघडलेल्या खात्यांना २ लाखांचा. अट अशी की अपघाताआधीच्या ९० दिवसांत कार्डाचा निदान एक व्यवहार झालेला असावा. आमच्या शिवारात विहिरीवरच्या मोटरीचा शॉक लागून एक तरुण गेला. त्याच्या बायकोनं त्याचं कार्ड जपून ठेवलं होतं, अगदी कोरं. त्या कोरेपणामुळेच दावा फेटाळला गेला. ही अट तिला कधी कुणी सांगितलीच नव्हती. खातं उघडताना फोटो काढायला सगळे होते. अंगठ्यावर पैसे देणाऱ्या बीसी पॉइंटवर, म्हणजे बँकेच्या गावातल्या प्रतिनिधीकडे, तीही दर महिन्याला जायची, पण कार्ड तिथं कुणालाच कधी लागलं नाही. कापूस वेचून बोटांच्या रेषा झिजलेल्या बायांचा अंगठा मशीनवर उमटत नाही म्हणून अर्धा दिवस वाया जातो, तिथंही हेच पडून राहिलेलं कार्ड कामी आलं असतं.

कार्डापासून शेतकऱ्याला दूर ठेवणारं खरं कारण या कुठल्याच वादात ऐकू येत नाही. ते म्हणजे ‘होल्ड’. कर्ज थकलं की बँक शेतकऱ्याच्या बचत खात्याला होल्ड लावते. मग अतिवृष्टीची मदत असो, पीकविमा असो की घरच्या लक्ष्मीच्या खात्यावर आलेलं अनुदान असो, पैसा दिसतो पण निघत नाही. १९७२ पासून आपण कापूस एकाधिकार खरेदी अनुभवली, म्हणजे कापूस फक्त सरकारलाच विकायचा. चुकाऱ्यातून सोसायटीचं कर्ज कापलं जायचं, तेव्हा लोक दुसऱ्याच्या नावानं गाड्या घालायचे किंवा कापूस सरळ व्यापाऱ्याला द्यायचे. मदतीच्या पैशाला हात लागतो म्हटलं की माणूस त्या दारातून जातच नाही. आज तो बँकेतून सगळं नगद काढून आणतो ते याच धास्तीनं. मदतीच्या रकमेतून कर्जवसुली करू नका, असे आदेश सरकारं दरवेळी काढतात, आणि शाखेत ते दरवेळी नव्यानं सांगावे लागतात. २००८, २०१७ आणि २०१९च्या कर्जमाफ्यांनी ओझं कमी केलं, पण ही धास्ती गेली नाही. होल्डचा प्रश्न सुटल्याशिवाय किसान कार्ड चालेल, अशी आशा करणाऱ्यांशी मी सहमत नाही.

गावातल्या छोट्या दुकानदाराचंही थोडक्यात सांगायला हवं. किराणावाला, वेल्डिंगवाला, ब्यूटी पार्लर चालवणारी बाई, यांना अकोल्याच्या किंवा नागपूरच्या ठोक बाजारातून माल भरायला खेळतं भांडवल लागतं. ते न मिळाल्यानं ते घरगुती क्रेडिट कार्ड ओळखीच्या मशीनवर घासून, दोन टक्के देऊन नगद उचलतात आणि एका कार्डाचं बिल दुसऱ्यानं भरतात. यालाच ‘कार्ड फिरवणं’ म्हणतात, आणि अशी फिरवाफिरवी करता करता धंदे बसलेले मी पाहिले आहेत. मुद्रा योजनेत २०१५ पासून यासाठीच मुद्रा कार्ड आहे. २०२५च्याच अर्थसंकल्पात उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगांसाठी ५ लाख मर्यादेच्या कार्डांची घोषणा झाली. धंद्याचं कार्ड धंद्याला आणि घरचं घराला, एवढी शिस्त मिळाली तरी पुष्कळ संसार वाचतील.

आणि ज्यांना कुठलंच कार्ड मिळत नाही त्यांचं काय? विदर्भात मक्त्यानं म्हणजे भाड्यानं आणि बटईनं म्हणजे वाट्यानं शेती कसणारे गावोगाव आहेत. सातबारा मालकाच्या नावावर, पीककर्जही मालकालाच, आणि खतबियाण्याची उधारी मात्र कसणाऱ्याच्या डोक्यावर. किसान कार्डाच्या नियमांत तोंडी करारावर कसणारे, बटईदार, बचत गट आणि एकमेकांची हमी घेऊन कर्ज काढणारे संयुक्त देयता गट हे सगळे पात्र आहेत. नियम आहे, पण शाखेत गेलं की ‘सातबारा आणा’ हे पहिलं वाक्य ऐकू येतं. बायकांचं तर त्याहून वाईट. १९९२च्या लक्ष्मी मुक्ती योजनेनं नवऱ्याच्या जमिनीवर बायकोचं नाव चढवायची वाट मोकळी केली, तरी किती सातबाऱ्यांवर ते चढलं? शेतात राबणारी ती, कर्जखातं त्याचं, आणि तो गेला की दारात येणारी वसुलीची नोटीस तिच्या हातात. खरिपाच्या कर्जवाटपाचा आढावा दरवर्षी जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीत होतो, किती कोटींचं उद्दिष्ट आणि किती टक्के वाटप, एवढंच त्यात विचारलं जातं. यंदा त्या बैठकीत आणखी तीन आकडे मागा: किती मक्तेदारांना किसान कार्ड दिलं, किती बायकांना त्यांच्या स्वतःच्या नावानं दिलं, आणि दिलेल्या कार्डांपैकी किती कार्डांचा कृषी केंद्रात एक तरी व्यवहार झाला.